आयरिश पणजोबा शोधताय? आधी पणजीचं माहेर शोधा

माझं सासर कॉर्कचं, म्हणजे आयर्लंडच्या पार दक्षिणेला, आणि माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे, शिवाय त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्ये वही उघडून आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले ते वाचून दाखवतात. मुलं मोठी झाली तशी विचारायला लागली की आई, तुझ्या बाजूचं एवढं लिहून ठेवलंय मग बाबाच्या बाजूचं कुठंय, आणि सासूबाईंना तर त्यांच्या आजीच्या पलीकडचं काहीच सांगता येईना. म्हणून मी बसले शोधायला. चार वर्षं झाली. आता ओळखीपाळखीतले लोक मला विचारतात, डब्लिनमधले मराठी लोक ज्यांनी आयरिश मुलीशी-मुलाशी लग्न केलंय, आणि पुण्याच्या कॅम्पातली एक मैत्रीण जिचे खापरपणजोबा आयरिश सोल्जर होते. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका, की "आयर्लंडचे सगळे रेकॉर्ड जळाले". ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये स्फोट होऊन आग लागली आणि तिथलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस जळालं हे खरं. त्यात १८२१ ते १८५१ चे सेन्सस जवळजवळ सगळे गेले, चर्च ऑफ आयर्लंडच्या म्हणजे प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून जास्त वह्या गेल्या, मृत्युपत्रं गेली. (१८६१ ते १८९१ चे सेन्सस त्या आगीत गेले नाहीत, ते सरकारनेच त्याआधी नष्ट केले, त्यातले शेवटचे दोन तर पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई म्हणून लगद्यात घातले. हे वाचून मला अजून वाईट वाटतं.) पण जन्म, मृत्यू, लग्नाच्या सरकारी नोंदी तिथे नव्हत्याच, त्या सुखरूप आहेत. आणि कॅथलिक चर्चच्या वह्या ज्या त्या गावच्या चर्चमध्येच होत्या, त्याही वाचल्या. म्हणजे बहुतेकांना लागतं ते शाबूत आहे, आणि बरंचसं घरबसल्या फुकटात बघता येतं.

दोन तारखा डोक्यात पक्क्या करा. १ एप्रिल १८४५ पासून कॅथलिक सोडून बाकीच्यांच्या लग्नांची सरकारी नोंद सुरू झाली. १ जानेवारी १८६४ पासून सगळ्यांचे जन्म, सगळ्यांचे मृत्यू आणि कॅथलिक लग्नं धरून सगळी लग्नं. म्हणजे तुमचे पूर्वज कॅथलिक असतील, आणि बहुतेक असतीलच, तर १८६४ च्या अलीकडे सरकारी कागद आणि पलीकडे चर्चची वही. अख्खी शोधाशोध या एका वर्षाच्या अल्याड-पल्याड चालते.

सुरुवात मात्र वेबसाइटवर करू नका, घरात करा. आयरिश घरांत कोणी गेलं की छोटं कार्ड छापतात, फोटो, तारीख, वय, आणि प्रार्थना. ही कार्डं जुन्या प्रार्थनापुस्तकांत खोचलेली असतात. सासूबाईंच्या कपाटातल्या एका पुस्तकात मला अकरा सापडली. थडग्यावरचा दगड बघा, पत्रं बघा, अमेरिकेतून आलेल्या पाकिटांवरचे पत्ते बघा. आणि म्हाताऱ्या माणसांना "तुमच्या आजीचं नाव काय" असं नुसतं विचारू नका, "आजीचं माहेर कुठलं, तिकडं कोण राहायचं, सुट्टीत तिकडं जायचात का" असं विचारा. नावं विसरतात पण आजोळी प्यायलेलं दूध विसरत नाहीत. सासूबाईंना आजीच्या वडिलांचं नाव आठवेना पण "टेकडीच्या मागची ती वाडी" आठवली, आणि शेवटी तिनेच काम केलं.

वाडी म्हणाले ते मुद्दाम. आयर्लंडमध्ये टाउनलँड नावाचा प्रकार आहे, आपल्या कोकणातल्या वाडीसारखाच, कधी पाच घरं, कधी पन्नास, आणि अशा साठ हजारांहून जास्त वाड्या देशभर आहेत. पत्ता म्हणजे टाउनलँड. रस्त्याचं नाव नाही, घर नंबर नाही. त्याच्यावर पॅरिश, म्हणजे गाव समजा, पण सरकारी पॅरिश वेगळं आणि कॅथलिक पॅरिश वेगळं, हद्दी जुळत नाहीत, नावंही कधी कधी वेगळी. मग बॅरनी, मग काउंटी म्हणजे जिल्हा. आणि जन्म-लग्नाच्या नोंदीसाठी यातलं काहीच नाही, तिथे चालतो रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्ट, जो जुन्या पुअर लॉ युनियनवरून आलाय, म्हणजे १८३८ च्या कायद्यानंतर एकेक बाजारपेठेचं गाव धरून गरिबांसाठी वर्कहाउस बांधली त्याच्या भोवतीचा मुलूख, तालुका म्हणा हवं तर. तो काउंटीची हद्द ओलांडूनही पसरतो. म्हणून पूर्वजाची काउंटी एक आणि नोंदीवरच्या डिस्ट्रिक्टचं नाव शेजारच्या काउंटीतलं असं दिसलं तर लगेच "हा आपला नाही" म्हणून सोडून देऊ नका. वाडी कुठल्या सरकारी पॅरिशमध्ये, कुठल्या बॅरनीत येते ते टाउनलँड्स डॉट आयई वर नाव टाकलं की दिसतं, आणि नावाचं आयरिश रूप, जुनी स्पेलिंगं लोगइन्म डॉट आयई वर.

आता मुख्य साइट. आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई. सरकारी आहे, पूर्ण फुकट आहे, खातंसुद्धा उघडावं लागत नाही. इथे मूळ रजिस्टरच्या पानांचे स्कॅन बघायला मिळतात, जन्म १०० वर्षांपलीकडचे, लग्न ७५ वर्षांपलीकडची, मृत्यू ५० वर्षांपलीकडचे, आणि दरवर्षी पुढचं एकेक वर्ष त्यात टाकतात. सिव्हिल रेकॉर्ड्स आणि चर्च रेकॉर्ड्स असे दोन वेगळे भाग आहेत, दोन्हीकडे शोधायचं. चर्चच्या भागात सगळा देश नाही, डब्लिन शहर, केरी, कार्लो आणि कॉर्कचा दक्षिण-पश्चिम भाग एवढंच मुख्यतः. आम्ही नशिबाने बरोबर त्यातच. कॉर्कचा उत्तर आणि पूर्व भाग क्लॉइन धर्मप्रांतात येतो, तो इथे नाही, त्यासाठी रूट्सआयर्लंड म्हणून पैसे भरायची साइट आहे. ती काउंटीवार केंद्रांनी चर्चच्या वह्यांवरून उतरवून काढलेली आहे, महिन्याभराचं सबस्क्रिप्शन घेऊन सगळं एकदम काढून घ्या, वर्षभराचं लगेच नको.

कामाची पद्धत एकच. अलीकडून पलीकडे, एक पायरी एका वेळी, आणि पायऱ्या अशा: लग्न, मग जन्म, मग लग्न, मग जन्म. लग्नाच्या नोंदीतून वडिलांचं नाव, जन्माच्या नोंदीतून आईचं माहेरचं आडनाव. एक कागद बापाकडे नेतो, दुसरा आईकडे. उलटीकडून, म्हणजे "या गावात या आडनावाचा एक माणूस १८२० ला होता, तोच आपला असेल" असं कधीही करू नका. मी केलंय. पाच महिने मी दुसऱ्याच कोणाचं तरी घराणं चढत होते, कारण नवऱ्याचं नाव, बायकोचं पहिलं नाव, डिस्ट्रिक्ट, सगळं जुळत होतं. पश्चिम कॉर्कमध्ये सुलिव्हन, मॅकार्थी, ड्रिस्कॉल ही आडनावं इतकी आहेत की नाव जुळणं हा पुरावाच होत नाही. जुळावं लागतं ते आईचं माहेरचं आडनाव आणि वाडी. ही दोन्ही जुळली तरच पुढे जा.

लग्नाची नोंद उघडली की काय दिसतं ते सांगते. तारीख, चर्च, दोघांची नावं, वय, अविवाहित की विधुर-विधवा, धंदा, लग्नाच्या वेळी राहायचं ठिकाण, दोघांच्या वडिलांची नावं आणि त्यांचा धंदा, खाली सह्या आणि साक्षीदार. आईचं नाव नाही, त्यावर हिरमुसू नका. वयाच्या रकान्यात बऱ्याचदा फक्त "फुल एज" लिहिलेलं असतं, याचा अर्थ २१ पूर्ण, बाकी काही नाही, चाळिशीचा माणूसही फुल एजच. वडील वारले असतील तर शेजारी तसं लिहितात, पण लिहिलं नाही म्हणजे हयात होते असं धरून चालू नका, भटजी म्हणा, पाद्री म्हणा, घाईत असतोच. सहीच्या जागी फुली असेल तर लिहिता येत नव्हतं, नाव दुसऱ्याने लिहिलंय, म्हणजे स्पेलिंग त्या दुसऱ्याचं आहे. आणि साक्षीदार! साक्षीदारांची नावं नक्की उतरवून घ्या, ते बहुतेक वेळा भाऊ, बहीण, चुलत-मावस भावंडं असतात. वडिलांबद्दल शंका असेल तिथे साक्षीदाराच्या आडनावावरून मला दोनदा उत्तर मिळालंय.

लग्न कुठे शोधायचं? मुलीच्या पॅरिशमध्ये. आपल्यासारखंच, लग्न मुलीकडचे लावून देतात. त्यामुळे नवरा दहा मैलांवरचा असेल तर त्याच्या गावात शोधून काही हाती लागत नाही. आणि पहिलं मूलही पुष्कळदा आईच्या माहेरच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेलं सापडतं, बाकीची सगळी सासरच्या. हे जेव्हा मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच भरून आलं, पहिलं बाळंतपण माहेरी, एवढ्या लांबच्या मुलखात सुद्धा. कधी शोधायचं? शेतकरी घरातलं लग्न असेल तर आधी जानेवारी-फेब्रुवारी बघा. लेंटच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत कॅथलिक लग्न लावत नसत, आपण चातुर्मासात लावत नाही तसं, म्हणून लेंट सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे श्रोव्ह ट्यूजडेपर्यंत लग्नांची अक्षरशः झुंबड असायची. एका पानावर एकाच तारखेची तीन-तीन चार-चार लग्नं दिसतात.

जन्माची नोंद याहून जास्त बोलकी. एका पानावर दहा जन्म असतात. जन्मतारीख आणि ठिकाण, बाळाचं नाव, बापाचं नाव आणि राहायची वाडी, आईचं नाव आणि माहेरचं आडनाव, बापाचा धंदा, आणि नोंद करायला कोण आलं होतं त्याचं नाव, पत्ता. हा शेवटचा रकाना लोक बघतच नाहीत. माझं सगळ्यात मोठं कोडं तिथेच सुटलं. नवऱ्याच्या पणजीच्या जन्माची नोंद द्यायला बाप गेलाच नव्हता, एक बाई गेली होती, "जन्माच्या वेळी हजर" असं लिहिलेलं, सहीच्या जागी फुली, आणि तिची वाडी वेगळीच. मी धरून चालले सुईण असेल. वर्षभराने दुसऱ्या भावंडाच्या नोंदीत तीच बाई, तीच वाडी. मग त्या वाडीत पणजीच्या आईचं माहेरचं आडनाव शोधलं तर घरच सापडलं, ती बाई म्हणजे बाळंतिणीची आई होती, लेकीच्या बाळंतपणाला आलेली. आणि ती वाडी म्हणजे "टेकडीच्या मागची".

जन्मतारखेवर फार विश्वास ठेवू नका मात्र. उशिरा नोंद केली तर भुर्दंड पडायचा, म्हणून आईबाप तारीख पुढे ढकलून सांगायचे. बाप्तिस्मा मात्र एक-दोन दिवसांत व्हायचा, त्यामुळे चर्चच्या वहीत बाप्तिस्मा ३ तारखेला आणि सरकारी कागदावर जन्म त्याच महिन्याच्या १९ तारखेला, असं सर्रास दिसतं. दोन वेगळी मुलं नव्हेत ती, एकच. अशा वेळी चर्चची तारीख खरी धरा. सुरुवातीच्या वर्षांत तर कितीतरी जन्म सरकारात नोंदवलेच गेले नाहीत, म्हणून सिव्हिलमध्ये नाही मिळालं तर थांबू नका, चर्चकडे जा. आणि नाव न ठेवताच नोंद झालेली बाळं पण असतात, यादीत नावाच्या जागी रिकामं किंवा नुसतं मुलगा-मुलगी. म्हणून पहिलं नाव न टाकता फक्त आडनाव, डिस्ट्रिक्ट आणि वर्षं टाकूनही एकदा शोधा.

आता खरी अडचण. साधारण १९०० च्या आधीच्या जन्मांच्या यादीत आईचं माहेरचं आडनाव टाकून शोधता येत नाही, ते फक्त स्कॅनवर असतं. म्हणजे स्किबरीन डिस्ट्रिक्टमध्ये समजा मेरी सुलिव्हन शोधायची, तर यादीत ढीगभर मेरी सुलिव्हन येणार आणि एकेक पान उघडून बघावं लागणार. याला शॉर्टकट एकच, फॅमिलीसर्चची यादी, फुकट खातं उघडायचं, तिथे १८८१ पर्यंतच्या बऱ्याच जन्मांच्या यादीत आईबापाची नावं घातलेली आहेत. तिथे सापडलं की परत सरकारी साइटवर येऊन मूळ पान बघायचं. यादीवर कधी थांबायचं नाही, मूळ पान बघायचंच, उतरवून घेणाऱ्याने एच चं एन केलेलं असतं आणि सगळं भलतीकडे जातं. आणि उघडलेलं प्रत्येक पान उतरवून ठेवा, "आपला नाही" म्हणून सोडलेलं सुद्धा. मी एक साधी एक्सेल शीट केली, नाव, तारीख, वाडी, आई, आणि सोडलं तर का सोडलं. तिच्यामुळे तीच पानं पुन्हा पुन्हा उघडणं वाचलं, आणि सोडलेल्यांपैकी दोन पुढे आपलीच निघाली.

एक मूल सापडलं की लगेच वर चढू नका, त्याची सगळी भावंडं शोधा. कंटाळा येतो पण फायदा मोठा आहे. सगळ्यात थोरलं कधीचं ते कळलं की आईबापाचं लग्न त्याच्या एक-दोन वर्षं आधी शोधायचं. भावंडांची नावं बघा, बऱ्याच घरांत पद्धत अशी की पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तेच. हा पुरावा नाही, पण कुठे शोधायचं याची दिशा मिळते. आणि एकाच घरात दोन जॉन दिसले तर गोंधळू नका. पहिला गेलेला असतो, आणि पुढच्याला तेच नाव ठेवलेलं असतं. मृत्यूच्या नोंदी उघडून खात्री करा. ती पानं बघताना मन जड होतं, एक वर्ष, दीड वर्ष, अशी वयं असतात.

नावांचं थोडं सविस्तर सांगावं लागेल कारण इथेच लोक अडकतात. घरातलं नाव एक, कागदावरचं दुसरं, हे आपल्याला नवीन नाही. ब्रिजेट म्हणजेच बिडी, ब्राइडी, डीलिया. नोरा म्हणजेच होनोरा, हॅनोरा. जेरेमाया म्हणजेच डार्बी, आयरिशमध्ये डिअरमिड. टिमथी म्हणजे थेडी, टाइग. मार्गारेटची पेगी, मेरीची मॉली किंवा पॉली. आडनावापुढचा ओ आणि मॅक एकोणिसाव्या शतकात बऱ्याच लोकांनी टाकला होता आणि पुढे परत लावला, त्यामुळे सुलिव्हन आणि ओसुलिव्हन दोन्ही शोधा, एकाच माणसाच्या जन्माला ओ नाही, लग्नाला नाही, आणि थडग्यावर आहे असंही होतं. आणि चर्चच्या वह्या पुष्कळशा लॅटिनमध्ये. जेकोबस म्हणजे जेम्स, जेकब नव्हे. गुलिएल्मस म्हणजे विल्यम. युजिनियस म्हणजे बहुतेक ओवेन. जोआनेस म्हणजे जॉन आणि जोआना म्हणजे जोहाना, शेवट नीट वाचला नाही तर मुलाची मुलगी होते. लॅटिन यायची गरज नाही, पंधरा-वीस नावं आणि "बाप्तिस्मा दिला", "साक्षीदार" एवढे शब्द ओळखीचे झाले की बास. एक गोष्ट मात्र शोधत राहा, लग्नाच्या नोंदीशेजारी बारीक अक्षरात कधीकधी नात्यातल्या लग्नाला परवानगी दिल्याचं लिहिलेलं असतं, तिसऱ्या-चौथ्या पायरीचं रक्ताचं नातं वगैरे. म्हणजे नवरा-नवरीचे पणजोबा किंवा खापरपणजोबा एकच. असं एक वाक्य मिळालं तर दोन घराणी एकदम जोडली जातात.

कॅथलिक वह्यांचे स्कॅन नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने जुलै २०१५ मध्ये ऑनलाइन टाकले, हजारावर पॅरिशेस, साधारण १८८० पर्यंत, पत्ता रजिस्टर्स डॉट एनएलआय डॉट आयई. नकाशावर पॅरिश निवडायचं, महिना-वर्ष निवडायचं आणि पान पान वाचायचं. नावाने शोधायची सोय त्या साइटवर नाही, नावांची यादी फाइंडमायपास्टने केलीय, तिथे शोधून तारीख घ्या आणि मग इथे येऊन पान बघा. मायक्रोफिल्मवरचे फोटो आहेत, काही पानं इतकी पुसट की मी लॅपटॉपवर रंग उलटे करून, काळ्यावर पांढरं करून वाचली, फार फरक पडतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव, आईचं माहेरच्या आडनावासकट नाव आणि दोन गॉडपेरेंट्स, म्हणजे बाळाचे मानलेले आईबाप असतात, वाडी लिहिणं पाद्रीवर अवलंबून. शहरातल्या काही वह्या १७४०-५० च्या सुमारापर्यंत मागे जातात, पश्चिमेच्या गरीब पॅरिशमधल्या बऱ्याच १८२०, १८३० किंवा दुष्काळानंतरच सुरू होतात. १८४५ ते १८५२ चा तो बटाट्याचा दुष्काळ, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. स्किबरीन भागाची वही वाचताना १८४७ च्या सुमारास पानावरचे बाप्तिस्मे एकदम विरळ होतात, कोणी काही लिहिलेलं नसतं, नुसती नावं कमी होतात.

ताळा करायला सेन्सस. १९०१ आणि १९११ चे पूर्ण आहेत, आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट, आणि कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले मूळ फॉर्म आहेत, म्हणजे खापरपणजोबांचं हस्ताक्षर बघायला मिळू शकतं. १९११ च्या फॉर्मवर लग्न झालेल्या बाईला विचारलंय की लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, किती हयात आहेत. १८ वर्षं लिहिलं असेल तर लग्न १८९२-९३ ला शोधा, आणि मुलं नऊ पण फॉर्मवर पाचच असतील तर बाकीची कुठे गेली ते शोधा. वयं मात्र रबरासारखी. १९०१ ला ५५ चा माणूस १९११ ला ७१ चा झालेला दिसतो, त्याला कारण आहे, जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या वरच्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं आणि १८६४ च्या आधीचे जन्मदाखले कोणाकडेच नव्हते. म्हणून सेन्ससवरून जन्मवर्ष धरताना दोन्हीकडे दहा दहा वर्षं मोकळी ठेवा. आणखी मागे जायला ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, १८४७ ते १८६४ मध्ये कोण कुठली जमीन कसत होतं त्याची यादी, आपल्या सातबाऱ्यासारखी, फक्त घरातल्या कर्त्याचं नाव. आस्क अबाउट आयर्लंडवर नकाशासकट आहे. वाडी पक्की माहीत असेल तरच उपयोग, नुसत्या आडनावाने शोधलं तर हरवाल.

पूर्वज उत्तरेचे असतील, म्हणजे अँट्रिम, आर्मा, डाउन, फर्मॅना, डेरी, टिरोन या सहा काउंट्यांतले, तर साधारण १९२१ पर्यंतच्या सरकारी नोंदी त्याच फुकट साइटवर मिळतात, त्यापुढच्या बेलफास्टच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या साइटवर थोडे पैसे भरून. प्रेस्बिटेरियन, म्हणजे दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाचे असतील तर बेलफास्टचं प्रोनी, म्हणजे उत्तर आयर्लंडचं सरकारी दफ्तरखाना, चर्च ऑफ आयर्लंडचे असतील तर कुठल्या वह्या वाचल्या त्याची यादी डब्लिनच्या आरसीबी लायब्ररीकडे, म्हणजे त्या चर्चच्याच लायब्ररीकडे आहे.

आता जे भारतात आहेत आणि घरात "आमचे पणजोबा आयरिश होते" एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी. पुणे, खडकी, देवळाली, कुलाबा, कामठी, इथे आयरिश सोल्जर भरपूर होते. रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सची दुसरी बटालियन म्हणजे मूळची कंपनी सरकारची बॉम्बे युरोपियन रेजिमेंट, हे मला कळलं तेव्हा मी चकित झाले. या लोकांची लग्नं आणि मुलांचे बाप्तिस्मे इथे झाले आणि त्याच्या प्रती लंडनला गेल्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या एन ३ या मालिकेत, मद्रासच्या एन २ मध्ये, बंगालच्या एन १ मध्ये. लक्षात ठेवा, कामठी आज महाराष्ट्रात असली तरी ती मद्रास आर्मीची छावणी होती, म्हणून कामठीचं लग्न एन २ मध्ये बघा. शोधायला फिबिस, म्हणजे ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या कुटुंबांचा शोध घेणारी संस्था, तिचा डेटाबेस फुकट आहे, स्कॅन फाइंडमायपास्टवर. कॅथलिकांच्या सगळ्या नोंदी लंडनला पोचल्या नाहीत, त्यामुळे मिळालं नाही तर छावणीतल्या जुन्या चर्चमध्ये स्वतः जाऊन नम्रपणे विचारा. माझ्या मैत्रिणीला खापरपणजीच्या लग्नाची नोंद अशीच मिळाली, दोन चकरा मारून.

पण इथल्या लग्नावरून आयर्लंडमधली वाडी कळत नाही. ती कळते सैन्याच्या कागदांवरून. ब्रिटिश आर्मीतून पेन्शनवर सुटलेल्यांचे कागद लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९७ या मालिकेत आहेत, त्यात जन्म कुठल्या पॅरिशमध्ये, कुठल्या गावाजवळ, कुठल्या काउंटीत ते लिहिलेलं असतं, शिवाय उंची, डोळ्यांचा रंग, आधीचा धंदा. तिथून पॅरिश मिळालं की वर सांगितलेल्या वह्या उघडायच्या. आजी किंवा आजोबा स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर फॉरेन बर्थ्स रजिस्टरमधून नागरिकत्वाचा अर्जही करता येतो, पण त्याला स्कॅनचं प्रिंट चालत नाही, जनरल रजिस्टर ऑफिसकडून दाखले मागवावे लागतात. स्कॅनच्या यादीतला ग्रुप रजिस्ट्रेशन आयडी अर्जात घाला, म्हणजे नेमकं तेच पान निघतं.

आणि जमलं तर एकदा तिथे जाऊन या. पॅरिशच्या पाद्रींना आधी मेल करा, १८८० नंतरच्या वह्या त्यांच्याकडेच असतात. आम्ही गेल्या मे महिन्यात त्या टेकडीमागच्या वाडीत गेलो. तीन घरांच्या छपराविना भिंती आणि एकच नांदतं घर. तिथल्या आजोबांना आम्ही आडनाव सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, "कुठले सुलिव्हन, रुआ का?" रुआ म्हणजे तांबडा. एका वाडीत एकाच आडनावाची पाच घरं असली की प्रत्येक घराला असं एकेक टोपणनाव असायचं, आपल्याकडे खालच्या आळीतले, विहिरीवरचे म्हणतात तसं. सासूबाईंना हा शब्द अजिबात माहीत नव्हता. घरी आल्यावर मी चर्चच्या वहीची ती जुनी पानं परत उघडली, ज्यात पाद्रीने काही आडनावांपुढे एक शब्द लिहिला होता आणि मी तो खराब अक्षर म्हणून सोडून दिला होता. आता वाचता आला. त्याच शब्दाच्या सात नोंदी निघाल्या, १८३१ पासून, आणि सातही जणांची आई एकच, माहेरच्या आडनावासकट.